सिंहस्थापूर्वी काय शिकवावे: मोठ्या गर्दीच्या आरोग्यव्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ च्या उन्हाळ्यात भरेल. विमानाने येणारे बहुतेक यात्रेकरू इंदूरला उतरतील, खानदेश-विदर्भातून बऱ्हाणपूर-खंडवामार्गे येणारे इंदूरवरून पुढे जातील, त्यांतले पुष्कळ जण वाटेत ओंकारेश्वरही करतील, आणि ज्यांची प्रकृती गंभीर होईल त्यांतल्या अनेकांना अखेर आपल्या इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयातच आणले जाईल. आज कम्युनिटी मेडिसिनच्या (सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या) एमडीला किंवा एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला) असलेल्या विद्यार्थ्याकडे तेव्हा कदाचित मेळ्याच्या एखाद्या सेक्टरच्या, म्हणजे विभागाच्या, आरोग्याची जबाबदारी असेल. त्याला त्या जबाबदारीसाठी तयार करणारे एक सेमिस्टर कसे आखावे, हे येथे मांडले आहे. डोळ्यांसमोर इंदूर-उज्जैन आहे. ग्वाल्हेर किंवा नाशिक येथील शिक्षकांनी स्थळे आणि ऋतू बदलून घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दृष्टीने मेळावा किती मोठा हे केवळ माणसांच्या संख्येवरून ठरत नाही; आलेल्या लोकांमुळे यजमान गावाच्या नियोजनावर आणि साधनांवर ताण पडतो का, यावरून ते ठरते. पहिल्या तासाला एवढीच एक गोष्ट शिकवली तरी पुरे, कारण दोन हातपंपांच्या गावात भरलेली वीस हजारांची जत्रा इंदूरच्या राजवाड्यावरच्या लाखाच्या गेरीपेक्षा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीपेक्षा, आरोग्यखात्याला अधिक जड जाऊ शकते.

आधी निर्णय लिहा, विषय नंतर

अभ्यासक्रम आखायला बसले की पहिल्या पानावर विषयांची यादी उतरते: साथरोगशास्त्र, पाणी, स्वच्छता, आपत्ती व्यवस्थापन, कायदे. ही यादी चुकीची नसते, परंतु तिच्यातून घडलेला विद्यार्थी प्रत्येक विषयावर उत्तम टिपण लिहितो आणि घाटावर उभा केला की आता फोन कोणाला करायचा, असे विचारतो. त्यामुळे प्रारंभ निर्णयांपासून करावा. विभागातील शिक्षकांनी पोलीस, नगर निगम, वीज मंडळ, रेल्वे आणि मंदिर व्यवस्थापन यांच्या प्रतिनिधींसह एक दुपार बसून, मेळ्यात आरोग्य अधिकाऱ्याला प्रत्यक्ष कोणते निर्णय घ्यावे किंवा घ्यायला लावावे लागतात, ते लिहून काढावेत. एका सेक्टरमधून जुलाबाचे किती रुग्ण आल्यावर पाण्याचे नमुने घ्यायचे. नमुन्याचा निकाल येण्याआधीच टँकर थांबवायचा का. अन्नछत्र बंद करायला कोणाची सही लागते. दुपारच्या उन्हात रांग उभी ठेवायची की पुढची वेळ देऊन माणसे सावलीत पाठवायची. घाटावर कोणत्या घनतेला प्रवेश रोखायचा आणि ते पोलिसांना कोणत्या शब्दांत सांगायचे.

असे दहा-बारा निर्णय हाती आले की प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: अधिकार कोणाचा, माहिती कोठून येणार, आणि हाती वेळ किती मिनिटांचा. कायद्याचा अभ्यास येथेच करावा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ जिल्हाधिकाऱ्याला काय देतो, साथरोग अधिनियम १८९७ कोठे लागू पडतो, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ खाली स्वयंपाकघर कोण बंद करू शकतो, हे प्रश्न निर्णयाला जोडून आले की विद्यार्थ्याच्या लक्षात राहतात. सुट्या व्याख्यानात ते झोप आणतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची गर्दी व्यवस्थापनावरील २०१४ ची मार्गदर्शिका संपूर्ण वाचायला लावावी, मात्र वाचून झाल्यावर तिच्यातील कोणती सूचना आपल्या निर्णयांपैकी कोणत्या निर्णयाला उपयोगी पडते, हे विद्यार्थ्याकडून लेखी घ्यावे.

हिशेब हाताने करता आला पाहिजे

या अभ्यासक्रमाचा गाभा अंकगणिताचा आहे. डॉक्टर विद्यार्थ्यांना हे प्रथम रुचत नाही, पण नियोजनाच्या बैठकीत अभियंत्यासमोर त्यांचे म्हणणे टिकते ते याच हिशेबामुळे.

घनतेपासून सुरुवात करावी. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर वाट काढता येते. पाचाच्या पुढे धोका वाढत जातो. सहा-सातावर माणसाचे स्वतःच्या हालचालीवर नियंत्रण उरत नाही आणि गर्दीत लाटा उठू लागतात. अशा दाबात माणसे बहुधा तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती दाबली जाऊन, श्वास घेता न आल्याने, कित्येकदा उभ्या उभ्याच त्यांचा मृत्यू होतो. हे शरीरक्रियाशास्त्र एकदा नीट समजले की गर्दी रोखण्याचा आदेश दहा मिनिटे आधी का द्यावा लागतो ते उमगते, कारण पुढची माणसे गुदमरत असताना मागच्यांना त्याचा पत्ताच नसतो आणि ते ढकलत राहतात.

मग प्रवाह घ्यावा. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षाविषयक मार्गदर्शिकेत सपाट जमिनीवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि जिन्यावरून ६६ माणसे धरली जातात. या हिशेबाने तीन मीटर रुंदीच्या फाटकातून मिनिटाला २४६, म्हणजे तासाला १४,७६० माणसे जातील. पन्नास हजार माणसांना एका तासात तेथून काढायचे असे कोणी बैठकीत म्हणाले, तर विद्यार्थ्याने कागदावर दोन ओळींत ते अशक्य आहे असे दाखवावे. तथापि हे आकडे परदेशातल्या क्रीडाप्रेक्षकांचे आहेत. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायांत चप्पल नाही आणि हाताला धरलेली सासू, अशा कुटुंबाचा वेग वेगळा असतो, आणि तो आपला आपणच मोजला पाहिजे. त्यासाठी राजवाड्याजवळच्या एखाद्या गल्लीत खडूने रेघ मारून, दोघांनी दोन बाजूंना उभे राहून, मिनिटामिनिटाला रेघ ओलांडणारी माणसे मोजायची. वरच्या मजल्यावरून तिसऱ्याने आखलेल्या चौकोनाचे छायाचित्र घ्यायचे आणि घनता काढायची. दोन मोजणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत, हेही त्याच दिवशी कळते आणि मोजमापातील चुकीवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

पाण्याचा आणि शौचालयांचा हिशेब असाच करावा. विस्थापितांच्या छावण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, तसेच सुरुवातीच्या काळात पन्नास माणसांमागे एक आणि पुढे वीस माणसांमागे एक शौचालय धरतात. स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट. एक लाख माणसे मुक्कामाला असतील तर रोज १५ लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दीडशे टँकर लागतील आणि शौचालये दोन हजार ते पाच हजार. येथपर्यंत सगळे विद्यार्थी पोचतात. पुढचा प्रश्न शिक्षकाने विचारायचा असतो: माणशी दिवसाला मलमूत्र मिळून दोन लिटर धरले, तरी दोन लाख लिटर होतात, पाच हजार लिटरच्या उपसा-टँकरच्या रोज चाळीस फेऱ्या झाल्या, आणि त्यात वापरलेले पाणी अजून धरलेलेच नाही. हा टँकर स्नानाच्या दिवशी बंद केलेल्या रस्त्यावरून कसा येणार आणि कोठे रिकामा होणार? शौचालयांच्या संख्येवर बैठकांत खूप बोलले जाते, उपशाच्या वाटेवर कोणी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

नळाच्या टोकाला मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे शुद्धीकरणानंतर पाण्यात उरलेला क्लोरीन, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा, असे भारतीय मानक सांगते. हे मोजायला प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात क्लोरोस्कोप हे तपासणीचे छोटे साधन हवे, आणि त्याने टँकरच्या तोटीपेक्षा यात्रेकरूच्या बाटलीतले, राहुटीतल्या माठातले पाणी तपासायला हवे. तोटीला ठीक असलेला क्लोरीन माठात नाहीसा झालेला अनेकदा आढळतो.

दुर्घटनांतून काय काढावे

दुर्घटनांचा अभ्यास म्हणून मृतांच्या संख्यांची जंत्री देण्यात काही अर्थ नाही. चार-पाच घटना अशा निवडाव्यात की प्रत्येकीचे कारण वेगळे असेल. दतिया जिल्ह्यातील रतनगड येथे १३ ऑक्टोबर २०१३ रोजी सिंध नदीवरील पुलावर, पूल कोसळत असल्याच्या अफवेनंतर शंभराहून अधिक माणसे मेली. येथे माहितीचा अभ्यास होतो, म्हणजे लाउडस्पीकर कोणाच्या हाती होता आणि खरी बातमी किती वेळात पोचली असती. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी २३ जणांचा जीव गेला. ना सण, ना जत्रा, कामावर जाणाऱ्यांची रोजची गर्दी, अचानक आलेला पाऊस आणि अरुंद जिना. साताऱ्याजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी डोंगरावरच्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरीत काय झाले, हे मराठी वाचकांना सांगायला नकोच.

इंदूरच्या विद्यार्थ्यांनी ३० मार्च २०२३ ची घटना टाळून चालणार नाही. रामनवमीच्या दिवशी बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) टाकलेली फरशी खचून ३६ माणसे मृत्युमुखी पडली. तेथील गर्दी शहराच्या मानाने लहान होती. चुकीच्या जागी ती उभी होती. या घटनेतून विद्यार्थ्याला एकच सवय लागावी, ती म्हणजे जागेची पाहणी करताना माणसे जेथे बसणार आहेत त्या जमिनीखाली, गच्चीखाली, मंडपाखाली काय आहे, हे विचारण्याची. मागच्या सिंहस्थात ५ मे २०१६ रोजी वादळी पावसाने मंडप कोसळून जीव गेले होते, तेही याच धड्यात घ्यावे. उन्हाळ्यात माळव्यात संध्याकाळी वावटळ उठते हे कोणालाही माहीत आहे; मंडपाच्या परवानगीच्या कागदावर वाऱ्याच्या वेगाचा रकाना असतो का, ते विद्यार्थ्याने शोधून यावे.

ऋतू बदलला की रोग बदलतो

कुंभमेळा एकच असला तरी त्याचे आरोग्य ठिकाणागणिक वेगळे असते. प्रयागचा मेळा माघातल्या थंडीत भरतो, तेथे श्वसनाचे आजार वरचढ असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ पावसाळ्यात येतो, तेथे निसरडे घाट, गढूळ पाणी आणि डास हे तीन शत्रू. उज्जैनचा सिंहस्थ चैत्र-वैशाखात, तेथे ऊन आणि पाण्याची टंचाई. नाशिकचे मुख्य स्नानपर्व २०२७ मध्ये, म्हणजे आपल्या आधी आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांशी आताच बोलून आपले विद्यार्थी तेथे पाठवावेत आणि पुढच्या वर्षी त्यांचे आपल्याकडे बोलवावेत. भाषेची अडचण इंदूरच्या मराठी मुलांना नाही, आणि उज्जैनला येणाऱ्या महाराष्ट्रातील यात्रेकरूंसाठीच्या घोषणा व फलक तपासायलाही हीच मुले कामी येतील.

उष्माघातावर व्याख्यान कमी आणि सराव अधिक असावा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानावरील सोहळ्यात दुपारच्या उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. ती सभा शिस्तबद्ध होती, चेंगराचेंगरी झाली नव्हती. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि माणूस गोंधळलेला किंवा बेशुद्ध, अशी अवस्था दिसली की आधी जागेवरच थंड करायचे आणि मग रुग्णवाहिकेत घालायचे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. ताडपत्री चारही बाजूंनी उचलून धरायची, तिच्यात रुग्णाला निजवून बर्फाचे पाणी ओतायचे आणि हलवत राहायचे. चार जण, एक पिंप आणि बर्फाची लादी एवढ्यावर हे होते. विद्यार्थ्यांनी हे एकमेकांवर मे महिन्यात करून पाहावे. त्या महिन्यात स्वयंसेवकांची वाण पडत नाही.

सरावाचे वर्ष

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पण इंदूर-उज्जैनच्या पंचांगात सरावाचे दिवस भरपूर आहेत. रंगपंचमीच्या गेरीत डोळ्यांच्या इजा, जीर्ण घरांच्या गॅलऱ्या आणि रुग्णवाहिकेचा मार्ग पाहावा. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालतात, तेथे थकवा, विजेच्या तारा आणि हरवलेली मुले. श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी निघते, आणि नागपंचमीला वर्षातून एकदाच उघडणाऱ्या नागचंद्रेश्वराच्या दर्शनाला लांबच लांब रांग लागते. रांगेचा अभ्यास करायला याहून चांगली जागा नाही. गणेशोत्सवात मराठी मंडळांचे कार्यकर्ते स्वयंसेवक म्हणून मिळतात, आणि मंडपातील पन्नास-शंभर माणसांचे लहानसे नियोजन पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्यालाही झेपते. गेर संपल्यावर निगमचे कर्मचारी काही तासांत रस्ते धुऊन काढतात, तेही मुद्दाम पाहायला पाठवावे: कोणती गाडी कोणत्या गल्लीत शिरणार, हे तेथे आदल्या दिवशीच ठरलेले असते.

एमडीच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिन्यांची जिल्हा निवासी सेवा करावीच लागते. ती उज्जैन, खंडवा किंवा इंदूर जिल्ह्यात आणि मेळ्याच्या महिन्यांत येईल असे वेळापत्रक आधीच आखले, तर नव्या मंजुरीवाचून अर्धे काम होते. एमपीएचच्या इंटर्नशिपचेही तसेच. मात्र सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयाशी लेखी ठरवून घ्यावे की विद्यार्थी केवळ औषधवाटपाच्या टेबलावर बसवला जाणार नाही. मनुष्यबळ कमी असते, तेव्हा हे होतेच, आणि त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण एक आठवडा दवाखान्यात, एक कंट्रोल रूममध्ये, एक पाणी-स्वच्छता पथकाबरोबर, असा पाळीपाळीने क्रम कागदावर असला की तो निदान मागता येतो.

सर्वेक्षण: रकाने थोडे, पिन कोड अवश्य

मेळ्यातील दवाखान्याची नोंदवही म्हणजे साथीचा पहिला इशारा. एका रुग्णाला एक ओळ, आणि लक्षणसमूह आठ-दहाच: पाण्यासारखे जुलाब, रक्ती आव, ताप, ताप व पुरळ, कावीळ, खोकला-दम, उष्णतेचा त्रास, इजा, दंश, छातीतील कळ. याशिवाय 'रोजची औषधे संपली' असा एक रकाना ठेवावा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरून आलेले वृद्ध मेळ्यात फार असतात आणि त्यांची सोय झाली नाही तर तेच पुढे गंभीर रुग्ण होतात. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या पोर्टलवर माहिती चढवायची पद्धत विद्यार्थ्याने शिकावी, पण नेटवर्क गेल्यावर कागदावरून संध्याकाळचा आलेख हाताने काढताही यावा.

छेद म्हणून कोणती संख्या घ्यायची, हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. दर हजार उपस्थितांमागे किती रुग्ण, हे प्रमाण काढायला उपस्थितांची संख्या हवी, आणि मेळ्यातील जाहीर आकडे कोटींत बोलले जातात. विद्यार्थ्याने त्या आकड्यावर विसंबू नये. आपल्या सेक्टरपुरता अंदाज क्षेत्रफळ गुणिले घनता, फाटकावरची मोजणी, पाण्याचा खप अशा दोन-तीन वाटांनी काढावा आणि त्यांतली तफावत अहवालात लिहावी. ज्या सेक्टरचा अंदाज काढताच येत नाही, तेथे एकूण रुग्णांत जुलाबाच्या रुग्णांचा रोजचा वाटा पाहावा. तो अचानक वाढला तर छेदाविनाही पुरेसे कळते.

यात्रेकरूच्या गावाचा पिन कोड नोंदवायला सांगितला की दवाखान्यातले लोक कंटाळतात. तरी तो सोडू नये. कॉलऱ्याची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात, टायफॉईडला आठवडा ते महिना लागू शकतो, हेपटायटिस ए साधारण महिन्याने आणि हेपटायटिस ई दोन ते दहा आठवड्यांनी प्रकटतो. म्हणजे घाटावर दूषित पाणी प्यालेला माणूस आजारी पडतो तो धुळ्याला, बैतूलला किंवा नंदुरबारला, आणि तेथील डॉक्टरला तो कोठे जाऊन आला हे ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात हरिद्वारच्या मेळ्यातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कॉलरा गावोगाव गेला, १८६७ ची साथ त्यासाठी प्रसिद्ध आहे. आज वाट तीच आहे, फक्त पायी महिन्याचा प्रवास रेल्वेने एका रात्रीचा झाला आहे. २००० आणि २००१ च्या हजयात्रेनंतर मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या डब्ल्यू-१३५ या प्रकाराची साथ परतणाऱ्यांबरोबर अनेक देशांत पोचली, तेव्हा सौदी अरेबियाने चार प्रकारांवरची लस सक्तीची केली. नियोजनात बदल घडवणारा पुरावा यात्रेकरूंच्या घरच्या गावांतून आला होता, हे विद्यार्थ्याने नीट ध्यानात घ्यावे.

परीक्षा

लेखी परीक्षा ठेवायचीच असेल तर लहान ठेवावी. खरी परीक्षा अशी: विद्यार्थ्याला एका घाटाचा नकाशा, स्नानाची वेळ, हवामानाचा अंदाज आणि रस्ता बंदचा आदेश द्यावा आणि चार तासांत दोन पानांचा आरोग्य आराखडा मागावा. मौखिक परीक्षेला पोलीस अधिकारी, निगमचा पाणीपुरवठा अभियंता आणि मंदिर समितीतील एखादी अनुभवी व्यक्ती बसवावी. त्यांनी मुद्दाम दडपण आणावे: टँकर थांबवला तर लोक भडकतील, महाराज नाराज होतील, वरून फोन आला आहे. विद्यार्थी 'नाही' म्हणतो का, म्हणताना आकडा देतो का, आणि नकारासोबत दुसरी वाट सुचवतो का, या तिन्हींना गुण असावेत. केवळ नकार देणाऱ्याला मी उत्तीर्ण करणार नाही. बैठकीत त्याचे दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

अंतिम गुणपत्रक मेळा संपला त्या आठवड्यात देऊ नये. शेवटच्या स्नानानंतर दहा आठवडे विद्यार्थ्यांच्या जोड्यांकडे चार-पाच जिल्हे वाटून द्यावेत, दर सोमवारी तेथील सर्वेक्षण कक्षाला फोन करून काविळीचे आणि तापाचे नवे रुग्ण सिंहस्थाला गेले होते का, हे विचारायला लावावे, आणि ही नोंद मेळ्याच्या वहीतील पिन कोडशी पडताळून घ्यावी. या दहा आठवड्यांचा अहवाल उज्जैनच्या आणि इंदूरच्या सीएमएचओ कार्यालयांत पोचल्याची पोच जोडली असेल, तरच सेमिस्टर पूर्ण झाले असे समजावे.